ॲनिमेशनमधील विनोदी मालिका आणि एमी पारितोषिके : वर्गवारीचा एक प्रश्न

इ. स. २००९ मध्ये अमेरिकेतील एमी पारितोषिकांची नामांकने जाहीर झाली, तेव्हा 'उत्कृष्ट विनोदी मालिका' या वर्गात 'फॅमिली गाय' या ॲनिमेशन मालिकेचे नाव आढळून आले. या घटनेस त्या वेळी फार महत्त्व देण्यात आले, व ते रास्तही होते. कारण विनोदी मालिकांच्या सर्वसाधारण वर्गात ॲनिमेशन मालिकेस यापूर्वी केवळ एकदाच, १९६१ मध्ये, प्रवेश मिळाला होता. मधली अठ्ठेचाळीस वर्षे या दृष्टीने कोरी गेली. २००९ नंतरही २०२५ पर्यंत तसा प्रवेश पुन्हा कोणासही लाभलेला नाही. या दोन नोंदींवरून सामान्यतः असा निष्कर्ष काढला जातो की, पारितोषिके देणाऱ्यांच्या मनात 'कार्टून' या प्रकाराविषयी मुळातच अनादर आहे. हा निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा नसला, तरी घाईचा आहे. पारितोषिकाचा निर्णय अनेक पायऱ्यांनी होत असतो. वर्ग कोणी व कशासाठी निर्माण केला, प्रवेशिका कोणत्या वर्गात पाठविण्यात आली, मत कोणी दिले, आणि मत देणाऱ्यापुढे नेमके काय ठेवण्यात आले, हे प्रश्न परस्परांपासून वेगळे करून पाहिल्याखेरीज अन्याय झाला की नाही, आणि झाला असल्यास तो कोणत्या पायरीवर झाला, हे सांगता येणार नाही.

प्रथम प्रकाराविषयी. इंग्रजीत ज्यास सिटकॉम म्हणतात ती प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका ही मूळची नभोवाणीची देणगी आहे. ठरावीक पात्रे, ठरावीक घर किंवा कचेरी, सुमारे अर्ध्या तासाचा अवधी, आणि प्रत्येक भागाच्या अखेरीस सर्व काही पूर्वस्थितीवर येणे, ही तिची लक्षणे होत. विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा यांच्या संस्थेने निर्माण केलेली 'द फ्लिंटस्टोन्स' ही मालिका ३० सप्टेंबर १९६० रोजी एबीसी या जाळ्यावर सुरू झाली, तेव्हा तिने ही सर्व लक्षणे जशीच्या तशी उचलली होती. 'द हनीमूनर्स' या सजीव नटांच्या मालिकेचा आराखडा अश्मयुगात नेऊन बसविलेला, एवढेच तिचे नावीन्य. शुक्रवारी रात्री साडेआठची वेळ, पार्श्वभूमीस ध्वनिमुद्रित हशा, आणि प्रारंभीच्या काळात प्रायोजक म्हणून विन्स्टन सिगारेट, या गोष्टी पाहिल्या म्हणजे ती मुलांसाठी काढलेली नव्हती, हे निराळे सांगावयास नको. फ्रेड फ्लिंटस्टोन आणि त्याचा शेजारी बार्नी हे दोघे तेव्हा जाहिरातीत सिगारेट ओढताना दिसत.

१९६१ च्या एमी समारंभात या मालिकेस विनोदाच्या क्षेत्रातील उत्कृष्ट कार्यक्रमासाठी नामांकन मिळाले. पारितोषिक मात्र जॅक बेनी यांच्या कार्यक्रमास गेले. ॲन्डी ग्रिफिथ व बॉब होप यांचे कार्यक्रमही त्याच पंक्तीत होते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ॲनिमेशनसाठी वेगळा वर्ग त्या वेळी अस्तित्वातच नव्हता. त्याच संस्थेच्या 'हकलबेरी हाउंड'ला आदल्या वर्षी बालकार्यक्रमांच्या वर्गात पारितोषिक मिळाले होते. म्हणजे परीक्षकांनी कार्यक्रमाचे स्वरूप पाहून एकास मुलांच्या पंक्तीत, तर दुसऱ्यास मोठ्यांच्या पंक्तीत बसविले. चित्रे हाताने काढलेली आहेत, ही बाब दोन्ही वेळा निर्णायक ठरली नाही. पुढील इतिहास पाहता हा विवेक उल्लेखनीय वाटतो.

'द फ्लिंटस्टोन्स' १९६६ च्या एप्रिलमध्ये १६६ भागांनंतर संपली. तिच्या यशामुळे निघालेल्या 'टॉप कॅट' (१९६१–६२) व 'द जेट्सन्स' (१९६२–६३) या मालिका रात्रीच्या वेळी प्रत्येकी एकच हंगाम टिकल्या. त्यानंतर ॲनिमेशनचे बिऱ्हाड शनिवारच्या सकाळी हलले. तेथे प्रेक्षक मुले, जाहिराती खेळण्यांच्या व न्याहारीच्या पदार्थांच्या, आणि खर्च जितका कमी करता येईल तितका कमी. रात्रीच्या वेळी ॲनिमेशन उरले ते सणावारी दाखविल्या जाणाऱ्या विशेष कार्यक्रमांपुरते. १९७९ मध्ये अकादमीने 'उत्कृष्ट ॲनिमेशन कार्यक्रम' हा स्वतंत्र वर्ग निर्माण केला, तो या परिस्थितीत. पहिले पारितोषिक सी. एस. लुइस यांच्या बालकादंबरीवर आधारलेल्या 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' या कार्यक्रमास मिळाले. पुढच्या दहा वर्षांत गारफील्ड नावाच्या मांजरावरील विशेष कार्यक्रमांस ते चार वेळा लाभले. थोडक्यात, हा वर्ग ज्या मालासाठी बांधला गेला तो माल सुटा, सणाचा व बहुतांशी बालकांचा होता. आठवड्यामागून आठवडा चालणाऱ्या, प्रौढांच्या विनोदी मालिकेचा विचार तो बांधणाऱ्यांच्या मनात असण्याचे कारणच नव्हते, कारण अशी मालिका त्या काळी प्रमुख जाळ्यांवर चालूच नव्हती. त्यांना दोष देण्यापूर्वी हे ध्यानात ठेवले पाहिजे. कोठार भाताचे म्हणून बांधावे आणि पुढे त्यात गूळ ठेवण्याची वेळ यावी, तसा हा प्रकार आहे.

गूळ आला तो १७ डिसेंबर १९८९ रोजी. ट्रेसी उलमन यांच्या कार्यक्रमात १९८७ पासून लहान लहान तुकड्यांनी दिसणारे सिम्प्सन कुटुंब त्या दिवसापासून फॉक्स जाळ्यावर स्वतंत्र मालिकेच्या रूपाने अवतरले. १९९० व १९९१ अशी लागोपाठ दोन वर्षे 'द सिम्प्सन्स'ने ॲनिमेशनच्या वर्गातील पारितोषिक मिळविले. १९९२ मध्ये 'ए क्लेमेशन ईस्टर' या मातीच्या बाहुल्यांच्या विशेष कार्यक्रमाने तिला मागे टाकले. या स्पर्धेचे स्वरूप पाहण्यासारखे आहे. एका बाजूस गावातील अफवा, वृत्तपत्रांची गुलामी व लोकांचा भाबडा उमाळा यांची टर उडविणारा साप्ताहिक मालिकेतील एक भाग, दुसऱ्या बाजूस ईस्टरच्या सशाची गोष्ट. दोहोंची तुलना कोणत्या मापाने करावयाची? माप एकच उरते, आणि ते म्हणजे चित्रे हलविण्याचे कौशल्य. पण विनोदी मालिकेची थोरवी त्यावर क्वचितच अवलंबून असते.

याच अडचणीमुळे १९९३ मध्ये निर्मात्यांनी निराळा मार्ग पत्करला. त्यांनी मालिका प्रथमच 'उत्कृष्ट विनोदी मालिका' या वर्गात पाठविली व नमुन्यादाखल 'ए स्ट्रीटकार नेम्ड मार्ज' आणि 'मिस्टर प्लाउ' हे दोन भाग सादर केले. तो मालिकेचा चौथा हंगाम होता. तिच्या संपूर्ण आयुष्यातील सर्वोत्कृष्ट हंगामांत त्याची गणना आजही होते. 'मार्ज व्हर्सेस द मोनोरेल' हा पुष्कळांच्या मुखी असलेला भागही याच हंगामातला. तरीही नामांकन मिळाले नाही. 'चिअर्स', 'होम इम्प्रूव्हमेंट', 'द लॅरी सॅन्डर्स शो', 'मर्फी ब्राउन' व 'साइनफेल्ड' या पाच मालिका निवडल्या गेल्या आणि 'साइनफेल्ड' विजयी झाली. पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न झाला, पुन्हा तोच अनुभव आला. १९९५ मध्ये निर्माते निमूटपणे जुन्या वर्गात परतले आणि 'लिसाज वेडिंग' या भागास तेथील पारितोषिक मिळाले.

एक विसंगती येथे नोंदविली पाहिजे. १९९३ मध्ये विनोदी मालिकांच्या वर्गात ज्या 'मिस्टर प्लाउ'च्या बळावर नामांकनही पदरी पडले नाही, त्याच भागातील होमर सिम्प्सनच्या आवाजाबद्दल डॅन कॅस्टेलानेटा यांना त्याच वर्षी एमी पारितोषिक मिळाले. भाग तोच, वर्ष तेच, आणि संस्थाही तीच.

आता पद्धतीविषयी एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. गेल्या सहा दशकांत ॲनिमेशन मालिकेस विनोदाच्या सर्वसाधारण वर्गात दोनच नामांकने मिळाली, हे विधान खरे आहे. परंतु त्यावरून नकारांची संख्या काढता येत नाही. ॲनिमेशन मालिकेच्या निर्मात्यांस दोनपैकी एकाच वर्गाची निवड करता येते. दोन्हीकडे हात घालता येत नाही. स्वतंत्र वर्गात नामांकनाची शक्यता पुष्कळ असते, सर्वसाधारण वर्गात ती जवळजवळ नसते. साहजिकच बहुतेक निर्माते पहिला वर्ग पसंत करतात. त्यामुळे 'किंग ऑफ द हिल' (पारितोषिक १९९९), 'फ्यूचरामा' (२००२ व २०११), 'बॉब्ज बर्गर्स' (२०१४ व २०१७) किंवा 'रिक अँड मॉर्टी' (२०१८ व २०२०) यांच्या नावापुढे स्वतंत्र वर्गातील विजय दिसतात, आणि ज्या वर्षी ते मिळाले त्या वर्षी तरी त्या मालिका विनोदाच्या वर्गात उभ्याच नव्हत्या. जो उमेदवार उभाच राहिला नाही, तो पडला असे म्हणता येत नाही. पण तो उभा का राहिला नाही, हे विचारता येते. १९९३ व १९९४ च्या अनुभवाने इतरांस शहाणपण शिकविले असावे, असे मानण्यास जागा आहे. अशा वेळी अन्यायाचे स्थान मतदानात नसते, मतदानाच्या अपेक्षेत असते. आकड्यांत ते सापडणार नाही.

संख्येच्याच संदर्भात आणखी एक बाब सहसा दुर्लक्षिली जाते. २००९ मध्ये अकादमीने नामांकनांची पूर्वापार पाच ही मर्यादा वाढविली, आणि विनोदी मालिकांच्या वर्गात त्या वर्षी सात नावे आली. 'फॅमिली गाय' त्यांतले एक. विजय '३० रॉक'चा झाला. चित्रपटांच्या ऑस्कर पारितोषिकांकडे पाहिले असता हाच क्रम दिसतो. १९९१ चा 'ब्यूटी अँड द बीस्ट' हा पाच चित्रपटांच्या पंक्तीत सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी नामांकित झाला होता. ॲनिमेशनपटांसाठी वेगळे पारितोषिक तेव्हा नव्हते. २००१ च्या चित्रपटांपासून ते सुरू झाले. त्यानंतर मुख्य पंक्तीत केवळ 'अप' (२००९) व 'टॉय स्टोरी ३' (२०१०) हे दोन ॲनिमेशनपट बसले, आणि या दोन्ही वर्षी पाचाऐवजी दहा पाट मांडण्यात आले होते. दूरचित्रवाणी असो वा चित्रपट, स्वतंत्र वर्ग निर्माण होण्यापूर्वी पाचांत जागा मिळू शकली. तो निर्माण झाल्यावर पाट वाढविल्याखेरीज ती मिळाली नाही. उदाहरणे मोजकी आहेत आणि त्यांवरून नियम बांधणे धाडसाचे होईल. शिवाय एमीच्या विनोदी वर्गात २०२० पासून आठ नामांकने निश्चित झाली, तरी त्यांत ॲनिमेशन मालिका आली नाही. म्हणजे पाट वाढविणे पुरेसे कारण नव्हे. तथापि स्वतंत्र वर्ग हा आदराचा मंच असतो तसाच तो मुख्य दिवाणखान्यात न येऊ देण्याची सोयही होऊन बसतो, या संशयास या क्रमाने बळ मिळते. 'त्यांच्यासाठी तिकडे व्यवस्था आहे' हे वाक्य मनात एकदा घर करून बसले, की मत देणाऱ्यास तुच्छता बाळगण्याचीही गरज उरत नाही. वाङ्मयाच्या क्षेत्रात बालवाङ्मयाच्या स्वतंत्र पारितोषिकांनी असेच काहीसे केले आहे की काय, हे मराठी वाचकाने आपल्या अनुभवावरून ताडून पाहावे.

मत देणारे कोण, हा पुढील प्रश्न. अकादमीची सभासदसंस्था व्यवसायांनुसार गटांत विभागलेली आहे, आणि नटांचा गट त्यांत सर्वांत मोठा आहे. उत्कृष्ट मालिकेच्या नामांकनासाठी सर्व गटांचे सभासद मत देतात. नटाने नटाचे काम पाहावे, चेहऱ्यावरचा बारीकसा बदल, थबकणे, नजर चोरणे यांची पारख करावी, हे स्वाभाविक आहे. ॲनिमेशनच्या विनोदात ही पारख कोठे करावयाची, हेच त्यास उमगत नाही, कारण तेथे अभिनय दोन ठिकाणी वाटला गेलेला असतो.

हा मुद्दा निर्मितीच्या प्रत्यक्ष क्रमावरून स्पष्ट होईल. 'द सिम्प्सन्स'सारख्या मालिकेत प्रथम लेखकांची मंडळी एका खोलीत बसून संहिता घडवितात. मग नट ती टेबलाभोवती बसून मोठ्याने वाचतात. कोठे हशा येतो, कोठे येत नाही हे पाहून ती पुन्हा लिहिली जाते. त्यानंतर आवाजाचे ध्वनिमुद्रण होते. चित्र अद्याप अस्तित्वात नसते. आवाजावरून कथाफलक, म्हणजे प्रसंगांची कच्ची रेखाटने, तयार होतात. ती ध्वनीशी जुळवून एक ओबडधोबड चित्रफीत केली जाते. विनोदाची वेळ येथे ठरते. होमरने वाक्य संपविल्यावर मार्जने किती क्षण गप्प राहावयाचे, हे दिग्दर्शक येथे मोजतो. या फितीवरून पुन्हा लेखन होते, विनोद गाळले व घातले जातात. मुख्य चित्रांची आखणी अमेरिकेत झाल्यावर चित्रांमधली चित्रे काढण्याचे अफाट काम दक्षिण कोरियातील कार्यशाळांत होते. रंगीत चित्रफीत परत आली म्हणजे आणखी एकदा दुरुस्त्या होतात. एका भागास सर्व मिळून सहा महिन्यांहून अधिक काळ लागतो. सजीव नटांच्या मालिकेत जी लकेर नट तालमीत सहज शोधून काढतो, ती येथे आवाज देणारा, आखणी करणारा व वेळ मोजणारा अशा तिघांच्या हातांतून जाते. प्रेक्षकास मात्र होमर एकसंध दिसतो. श्रेय वाटावयाचे झाले, तर कोणाच्या पदरात किती घालावे?

सर्वच ॲनिमेशन असे संथ नसते. ट्रे पार्कर व मॅट स्टोन यांची 'साउथ पार्क' ही मालिका आरंभी कागदाची कात्रणे सरकवून केली गेली. पुढे तेच रूप संगणकावर साधण्यात येऊ लागले आणि एक भाग सहा दिवसांत सिद्ध करण्याची प्रथा पडली. या कामाच्या पद्धतीवर २०११ मध्ये निघालेल्या अनुबोधपटाचे नावच मुळी 'सिक्स डेज टू एअर' असे आहे. या वेगामुळे ती मालिका चालू घडामोडींवर वृत्तपत्रातील अग्रलेखाच्या तडफेने बोलू शकते. २००५ मध्ये तिला एमी पारितोषिक मिळवून देणारा 'बेस्ट फ्रेंड्स फॉरएव्हर' हा भाग टेरी शायव्हो यांच्या जीवनाधार-नलिकेचा वाद अमेरिकेत पेटलेला असतानाच प्रक्षेपित झाला होता. चित्रकलेचे कौशल्य म्हणून पाहिले तर या भागात पाहण्यासारखे फारसे काही नाही, आणि निर्मात्यांचाही तसा दावा नसावा. त्याचे सामर्थ्य उपहासात आहे. असे असता त्यास गौरविले गेले ते ॲनिमेशन म्हणून.

येथे प्रश्नाचे मर्म हाती येते. विनोदी मालिका, गंभीर नाट्यमालिका, मर्यादित भागांची मालिका ही वर्गवारी आशयावरून व रचनेवरून केलेली आहे. ॲनिमेशन ही वर्गवारी साधनावरून केलेली आहे. एकाच विभागणीत दोन निरनिराळी तत्त्वे मिसळली म्हणजे तर्कशास्त्रात ज्यास संकरविभाजन म्हणतात तो दोष उत्पन्न होतो, आणि त्याचा उपद्रव कोणाला तरी सोसावा लागतो. अलीकडे हा उपद्रव उलट दिशेनेही जाणवू लागला आहे. २०२१ मध्ये स्वतंत्र वर्गातील पारितोषिक गेन्डी टार्टाकोव्हस्की यांच्या 'प्राइमल'ला मिळाले. आदिमानव व डायनोसॉर यांची ही कथा जवळजवळ निःशब्द आहे. तिच्याविरुद्ध उभ्या होत्या 'बिग माउथ', 'बॉब्ज बर्गर्स', 'द सिम्प्सन्स' आणि 'साउथ पार्क'चा महामारीवरील विशेष भाग. यांपैकी प्रत्येकीचा प्राण संवादात आहे. २०२२ व २०२५ मध्ये 'आर्केन' ही शोकात्म, भव्य देखाव्यांची मालिका विजयी झाली, २०२४ मध्ये सूडकथा असलेली 'ब्लू आय सामुराय'. या कृती गौरवास पात्र नव्हत्या असे कोणी म्हणणार नाही. पण जेथे देखणेपणाची स्पर्धा आहे तेथे बर्गरच्या दुकानात बसून आईबाप व तीन मुले एकमेकांची थट्टा करीत आहेत, ही मालिका कशाच्या जोरावर जिंकणार? विनोदाच्या वर्गात ती चित्र म्हणून उपरी ठरते, चित्रांच्या वर्गात विनोद म्हणून. घरचीही नाही आणि दारचीही नाही अशी तिची अवस्था होत चालली आहे.

'बोजॅक हॉर्समन' (२०१४–२०२०) या मालिकेचा अनुभव या दृष्टीने सर्वांत बोलका आहे. उतरती कळा लागलेला, दारूच्या आहारी गेलेला, घोड्याचे तोंड असलेला एक नट हा तिचा नायक. २०१८ मधील 'फ्री चुरो' या भागात तो आईच्या अंत्यविधीच्या वेळी शवपेटीशेजारी उभा राहून बोलत राहतो. छोटा प्रारंभिक प्रसंग वगळता संपूर्ण भाग म्हणजे हे एकच भाषण आहे. चित्र जवळजवळ स्थिर, सगळा भार विल आर्नेट यांच्या आवाजावर व राफेल बॉब-वॅक्सबर्ग यांच्या लेखनावर. ॲनिमेशनचे जे दृश्य वैभव म्हणून सांगितले जाते त्याचा हा भाग जाणूनबुजून त्याग करतो, आणि तरीही २०१९ मध्ये तो 'उत्कृष्ट ॲनिमेशन कार्यक्रम' या वर्गातच पाठविला गेला. पारितोषिक 'द सिम्प्सन्स'च्या 'मॅड अबाउट द टॉय' या भागास मिळाले. त्याच वर्षी विनोदी मालिकांच्या वर्गात 'फ्लीबॅग' विजयी झाली. दुःख व अपराधगंड यांना हशात गुंडाळणारी ती सजीव नटांची ब्रिटिश मालिका बोजॅकच्याच कुळातली म्हणावी लागेल. दोघींची गाठ एका वर्गात पडली असती, तर निकाल कदाचित बदलला नसता. पण ती तुलना निदान सार्थ झाली असती.

शिवाय स्वतंत्र वर्गात निर्णय होतो तो एका भागावरून. विनोदी मालिकांच्या वर्गात मालिका मालिका म्हणून जोखली जाते. एका भागाची परीक्षा गारफील्डच्या सुट्या कार्यक्रमास योग्यच होती. परंतु ज्या मालिकेत पात्रांचा स्वभाव वर्षानुवर्षे मुरत जातो, पहिल्या हंगामातील पापाचा हिशेब सहाव्या हंगामात चुकता होतो, तिचा एक भाग काढून दाखविणे म्हणजे कादंबरीचे एक प्रकरण फाडून स्पर्धेस पाठविणे होय. बोजॅकचा 'द व्ह्यू फ्रॉम हाफवे डाउन' हा उपान्त्य भाग २०२० मध्ये असाच एकटा उभा राहिला व 'रिक अँड मॉर्टी'च्या एका स्वयंपूर्ण, चतुर भागापुढे मागे पडला. स्वयंपूर्ण भागाला या पद्धतीत मिळणारा लाभ उघड आहे.

स्वतंत्र वर्गाच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे, आणि ते क्षुल्लक नाही. तो वर्ग नसता, तर गेल्या साडेचार दशकांत ॲनिमेशनच्या वाट्याला मुख्य कार्यक्रम म्हणून बहुधा काहीच आले नसते. या पारितोषिकात निर्मात्यांबरोबर त्या भागाचे लेखक व दिग्दर्शक यांचीही नोंद होते, त्यामुळे पडद्यामागील माणसांना नाव मिळते. एखाद्या छोट्या संस्थेस त्या नावावर पुढील काम मिळू शकते. हे पारितोषिक मुख्य समारंभात न देता कलातंत्राच्या वेगळ्या समारंभात दिले जाते ही गोष्ट खरी, पण काहीच नसण्यापेक्षा ते बरे, असे म्हणणाऱ्याचे तोंड बंद करता येत नाही. प्रश्न वर्ग असावा की नसावा हा नसून, तो एकमेव असावा काय हा आहे. लेखनाच्या क्षेत्रात अमेरिकेतील लेखकसंघाने ॲनिमेशनच्या संहितांसाठी स्वतंत्र पारितोषिक ठेवले आहे. तेथेही हाच पेच आहे, फक्त त्याची चर्चा कमी होते.

ज्या पारितोषिकांत वर्गच नाहीत तेथे काय घडते, हे पाहणे उद्बोधक ठरेल. जॉर्जिया विद्यापीठाकडून दिल्या जाणाऱ्या पीबडी पारितोषिकांत विजेत्यांची संख्या ठरलेली नसते व परीक्षकमंडळाचा निर्णय एकमताने व्हावा लागतो. १९९६ च्या कार्यक्रमांतून 'द सिम्प्सन्स'ला, तर २००५ च्या कार्यक्रमांतून 'साउथ पार्क'ला हा मान मिळाला. वार्तापट, अनुबोधपट व नाट्यमालिका यांच्या शेजारी या मालिका तेथे बसल्या. गोल्डन ग्लोब पारितोषिकांतही २००३ मध्ये 'द सिम्प्सन्स'ला संगीत अथवा विनोदी मालिकांच्या वर्गात नामांकन मिळाले होते. ते पारितोषिक देणारे तेव्हा मूठभर परदेशी पत्रकार होते, त्यांत नटांचा गट नव्हता, हा योगायोग नजरेआड करता येत नाही.

एमीच्या अंतर्गतही हा भेद दिसून येतो. १९९७ व १९९८ अशी लागोपाठ दोन वर्षे 'द सिम्प्सन्स'मधील गीतांबद्दल संगीतकार आल्फ क्लाउसेन व गीतकार केन कीलर यांना गीतरचनेचे एमी पारितोषिक मिळाले. त्या वर्गात सजीव नटांच्या कार्यक्रमांतील गीतेही स्पर्धेत असतात. गाणे ऐकताना ते रेखाटलेल्या तोंडातून आले की खऱ्या, हे कोणी विचारले नाही. जेथे परीक्षक संगीतज्ञ आहे आणि पुढे ठेवलेली वस्तू गाणे आहे, तेथे साधनाची आठवण त्याला होत नाही.

आवाजाच्या अभिनयाची कथा मात्र गुंतागुंतीची आहे. १९९२ मध्ये 'द सिम्प्सन्स'मधील आवाजांबद्दल एकदम सहा कलावंतांना पारितोषिके देण्यात आली. नॅन्सी कार्टराइट, ज्युली कॅव्हनर, यर्डली स्मिथ, डॅन कॅस्टेलानेटा, मार्सिया वॉलेस व जॅकी मेसन हे ते सहा. ही पारितोषिके निवडक परीक्षकांच्या मंडळाने दिलेली होती. त्यात एकच विजेता असण्याचे बंधन नव्हते, कोणीही नसण्याचीही मुभा होती. २००९ पासून या वर्गात रीतसर नामांकने होऊ लागली. त्यात पात्राचा आवाज व अनुबोधपटातील निवेदन एकत्र असल्याने २०१३ मध्ये हत्तींवरील एका अनुबोधपटाच्या निवेदनाबद्दल लिली टॉमलिन यांना पारितोषिक मिळाले. हा घोटाळा लक्षात येऊन २०१४ मध्ये पात्राचा आवाज आणि निवेदन असे दोन वर्ग करण्यात आले. त्या वर्षी पात्राच्या आवाजाचे पहिले पारितोषिक हॅरी शिअरर यांना मिळाले. 'द सिम्प्सन्स'च्या प्रमुख सहा कलावंतांपैकी ते तोपर्यंत वंचित राहिलेले एकटेच होते, आणि मालिका सुरू होऊन पंचवीस वर्षे होत आली होती.

वर्गाची आखणी चुकल्याचे कबूल करून ती दुरुस्त करता येते, हे २०१४ ने दाखविले. ती दुरुस्तीही आशयावरून झाली, साधनावरून नव्हे. पात्राचा आवाज म्हणजे ॲनिमेशनमधलाच आवाज, असे नियमात कोठे म्हटलेले नाही. २०२५ मध्ये हे पारितोषिक ज्युली अँड्र्यूज यांना मिळाले ते 'ब्रिजर्टन' या सजीव नटांच्या मालिकेतील, पडद्यावर कधीही न दिसणाऱ्या निवेदिकेच्या पात्राबद्दल. ॲनिमेशनच्या कलावंतांसाठी म्हणून समजला जाणारा वर्ग अशा रीतीने इतरांस खुला आहे. आवाजाने पात्र उभे करणाऱ्या कलावंतास मात्र विनोदी अभिनयाच्या मुख्य वर्गांचे दार अद्याप उघडलेले नाही.